दगडातली चूक लगेच दिसते, धातूतली दहा वर्षांनी

प्रश्न पुण्याहून आलाय. विचारणारी २७ वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तीन वर्षं नोकरी झाली, शनिवार-रविवार एका स्टुडिओत जाऊन मातीकाम करते, आणि आता नोकरी सोडून पूर्णवेळ शिल्पकार व्हायचं तिच्या मनात आहे. ती विचारते: दगड धरू की धातू? रोजचं आयुष्य कसं असतं? पोट भरतं का? आणि बाईच्या शरीराला हे झेपतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून तो आधी उरकतो. झेपतं. एक घनफूट काळा पाषाण ८० किलोच्या वर भरतो, तो एकट्या बाप्यालाही उचलत नाही. त्यासाठी चेन-पुली आहे, पहार आहे, खाली घालायला पाइपाचे तुकडे आहेत, आणि चार माणसांना हाक मारायला गळा लागतो, तो तुम्हाला असेलच. माझ्याकडे सध्या सगळ्यात चांगली टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, चालवते ती एक मुलगीच. ताकदीवर दगड फोडता येतो, घडवता येत नाही. हातोडा मनगटातून सुटला पाहिजे. जो खांद्यातून मारतो तो दुपारपर्यंत दमतो आणि चार वाजता मूर्तीचं नाक तोडतो.

आता दगड की धातू. मी दगडात शिकलो आणि धातूत कमावलं, छत्तीस वर्षं दोन्हींत काढली. मला विचाराल तर हा आवडीचा प्रश्नच नाही. कोणत्या तऱ्हेची चूक तुम्ही सोसू शकता, ते आधी स्वतःला विचारा. दगडातली चूक त्याच क्षणी समोर येते, सगळ्यांना दिसते आणि कायमची असते. धातूतली चूक झाकता येते. ती आत बसून राहते आणि उद्घाटनाचे हार सुकून गेल्यावर, कधी पाच-दहा वर्षांनी, बाहेर येते. पहिल्या चुकीला त्या दिवशी रडून मोकळं होता येतं. दुसरीने माझी तरी झोप उडवली आहे.

दगडापासून सांगतो.

आपल्या महाराष्ट्राचा दगड म्हणजे बेसाल्ट, आपण काळा पाषाण म्हणतो तो. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर थिजून झालेला. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, पुढे त्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरतात. घाटात रस्ता खोदताना कातळात पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. त्यामुळे खाणीतला प्रत्येक काळा दगड मूर्तीचा नसतो. थराच्या मध्यावरचा घट्ट, बारीक कणाचा दगड आपला; वरचा सच्छिद्र दगड खडीवाल्याचा. माझे वस्ताद सातारकडचे पाथरवट. शाळा चौथीपर्यंतची, पण खाणीवर गेले की दगडाभोवती एक फेरी मारायचे आणि हातोडीने जागोजाग टकटक करायचे. आवाज खणखणीत आला तर पुढे. बद्द आला तर, ‘आत काहीतरी बसलंय,’ एवढंच म्हणून दुसऱ्या दगडाकडे. मग बादलीभर पाणी ओतून बिडी पेटवायची आणि दगड सुकायची वाट बघायची. सगळा दगड सुकला तरी चीर असेल तिथे ओलसर काळी रेघ मागे राहते. आजही यापेक्षा स्वस्त आणि भरवशाची तपासणी मला माहीत नाही. जुन्या शिल्पशास्त्रात दगडाचे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसक असे प्रकार सांगितलेत आणि ते ओळखायला नादाचीच खूण दिली आहे. त्याला हसू नका. शब्द जुने असतील, कान तोच आहे.

एवढं करूनही फसगत होते. माझी झाली. एका देवळासाठी साडेतीन फुटांची देवी करत होतो. टकटक केली होती, पाणी ओतलं होतं, सगळं ठीक होतं. दीड महिना काम चाललं. मुकुट झाला, चेहरा झाला, उजवा हात सुटा होत आला, आणि कोपराच्या आत टाकी लावली तशी वाटाण्याएवढी गार निघाली. गारेच्या मागे पोकळी होती. पुढच्या तीन घावांत हात जमिनीवर. ट्रस्टचे एक काका नेमके तेव्हा चहा घेत बाकावर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी नवा दगड आणायला गेलो, माझ्या खर्चाने. भग्न मूर्ती पूजेला चालत नाही, जोडकाम हा विषयच नाही. अंगावर आलं, पण हिशेब तिथेच मिटला. त्या चुकीबद्दल मला पुन्हा कधी कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही.

म्हणून दगडात सगळी पद्धतच चुकीला जागा ठेवत जाण्याची आहे. नाक आधी मोठं ठेवायचं, डोळे आधी बारीक. कान जाड ठेवायचा. बोटं शेवटपर्यंत एकमेकांपासून सोडवायची नाहीत. माती लावता येते तसा दगड लावता येत नाही, तो फक्त जातो. वेरूळच्या कैलासासमोर उभे राहाल तेव्हा आकाराने दिपून जाऊ नका, शिस्त बघा. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी कळस, मग भिंती, मग तळाचे हत्ती. शिखर घडवणाऱ्याला हत्तीसाठी खाली नेमका किती दगड ठेवायचा हे आधीच ठाऊक असावं लागतं. मी दर दोन-तीन वर्षांनी तिथे जातो आणि फक्त हत्तींच्या पायांशी बसतो. शिल्पकार राम सुतारांनी उमेदवारीच्या काळात पुरातत्त्व खात्यासाठी अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं होतं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तुटलेल्या मूर्तीचा हात पुरा करायचा तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं मनगट कसं वळत होतं ते कळावं लागतं. मोठ्या पुतळ्यांच्या आधी त्यांनी हा अभ्यास केला होता.

हत्यारांबद्दल थोडं. टाकी पूर्वी आम्ही लोहाराकडून घडवून घ्यायचो आणि धार गेली की स्वतः भट्टीत लाल करून पाणी पाजायचो. जास्त पाजलं तर टोक काचेसारखं उडतं, कमी पाजलं तर वाकतं. पाण्यातून काढून घासलेल्या टोकावर गवती पिवळा रंग चढताना दिसला की थांबायचं. बेसाल्ट टाकी खातो. दिवसाकाठी पंधरा-वीस टाक्या बोथट व्हायच्या आणि संध्याकाळ शेगडीपाशी जायची. आता कार्बाइडच्या टोकाची टाकी येते, डायमंड ब्लेडचा ग्राइंडर येतो, आठवड्याचं काम दीड दिवसात होतं. मी ग्राइंडरच्या विरोधात नाही. फक्त चेहऱ्याजवळ तो नेत नाही. ग्राइंडर चूक करायला अर्धा सेकंद घेतो, टाकीला निदान दोन मिनिटं लागतात. जाता जाता, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे वाक्य मला प्रत्येक अनावरणाला ऐकावं लागतं. बोलणाऱ्यांपैकी एकानेही अजून टाकीचं काय होतं ते विचारलेलं नाही.

संगमरवराचा स्वभाव वेगळा. तो मऊ, कणीदार, आतून उजेड घेणारा. आपल्याकडे मुख्यतः राजस्थानातल्या मकराण्याहून येतो. व्यक्तिशिल्प करायचं असेल तर आधी मातीत, मग प्लास्टरमध्ये पक्कं करून, पॉइंटिंग मशीनने एकेका बिंदूची खोली मोजत दगडात उतरवतात. हे मशीन म्हणजे तीन टेकूंवर बसणारी, सरकत्या सुईची चौकट, बाकी काही जादू नाही. शिर्डीची साईबाबांची मूर्ती बाळाजी तालीम यांनी संगमरवरात केली, १९५४ साली ती समाधी मंदिरात बसली. त्या मूर्तीचा बसण्याचा सैलपणा बघा, पायावर पाय टाकून, हात सहज ठेवलेला. दगड सैल दिसणं याहून अवघड काही नाही. संगमरवर घेणाऱ्या प्रत्येक ट्रस्टला मी एक गोष्ट सांगतो आणि ते ती विसरतात: हा दगड म्हणजे कॅल्साइट, त्याला आंबट चालत नाही. दही, लिंबू, फरशी पुसायचं ॲसिड, सगळं त्याला खातं. रोजच्या दह्याच्या अभिषेकाने ओठांच्या कडा काही वर्षांत बोथट होतात. काळ्या पाषाणाला ते इतकं बाधत नाही, त्याला बाधतात ते हात. लाखो लोकांनी पायांना हात लावला की बोटांच्या खुणाही झिजतात, आणि मग वज्रलेपाच्या, म्हणजे झिजलेल्या मूर्तीवर द्यायच्या लेपाच्या, बैठका सुरू होतात.

सुरुवातीला शिकायला सोपस्टोन घ्या, शंखजिऱ्याच्या जातीचा. कर्नाटकातल्या बेलूर-हळेबीडच्या मूर्तींत दागिन्यांचा मणी न् मणी सुटा दिसतो, तो याच जातीच्या दगडामुळे. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, हवेत राहून टणक होत जातो. पण त्यावर तीन महिन्यांपेक्षा जास्त रेंगाळू नका. मऊ दगडाने हाताला लाडावण्याची सवय लागते.

आता धातू. इथे मला जास्त बोलायचंय, कारण पोट इथेच भरतं आणि लोक फसतात तेही इथेच.

पहिली गोष्ट, ब्राँझच्या पुतळ्यात शिल्पकाराचा हात धातूला जवळजवळ लागतच नाही. तो लागतो मातीला. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर तारेने लाकडी फुल्या टांगायच्या म्हणजे ओली माती घसरत नाही, आणि शाडू थापत जायचं. मातीवरून प्लास्टरचा किंवा फायबरचा साचा. साच्यातून मेणाची पोकळ प्रत, हल्ली पाच-सहा मिलिमीटर जाडीची. मेणाला आतून-बाहेरून उष्णता सोसणारं अस्तर, मग भट्टीत मेण वितळवून काढायचं, आणि मेणाच्या जागी धातूचा रस. किंवा मेण टाळून वाळूत ओतायचं. सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती मिनिटांत दगडासारखी होते, आणि मोठ्या पुतळ्यांचे भाग बहुतेक ठिकाणी तसेच ओततात. मिश्रण आपल्याकडे सरकारी निविदेत साधारण ८५-५-५-५ लिहिलेलं असतं: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं पाच-पाच.

म्हणजे तुमच्या मातीपासून चौकातल्या पुतळ्यापर्यंत मधे पाच-सहा माणसांचे हात लागतात. साचेवाला, मेणवाला, ओतारी, वेल्डर, कानसवाला, रंग चढवणारा. प्रत्येकाच्या हातून थोडंथोडं सांडतं. धातू थंड होताना दीडेक टक्का आक्रसतो. दहा फुटांचा पुतळा दोन इंचाला थोडा कमी एवढा बुटका होऊन येतो, आणि मेणाचं आक्रसणं वेगळं. हे मातीतच धरावं लागतं. साच्यात जी रेघ मंद झाली ती पुढे कुणी धारदार करत नाही, उलट कानसवाला ती जास्तच गुळगुळीत करतो, कारण त्याच्या मते चकाकी म्हणजे सफाई. म्हणून मेणावर शेवटचा हात माझाच असतो, ही अट मी कधीही सोडली नाही. तुम्हीही सोडू नका. रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्यांच्या कडा स्वतः कोरायच्या. आणि बाहेरच्या पुतळ्याचे डोळे जरा खोल घ्या. स्टुडिओत बाजूने उजेड येतो म्हणून चेहरा जिवंत वाटतो; चौकात ऊन डोक्यावरून येतं, तिथे तोच चेहरा सपाट होतो.

ओतकामाचा दिवस मात्र अजून अंगावर काटा आणतो. मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, भट्टीतून निघते तेव्हा आतला रस ११०० अंशांच्या पुढे असतो, रंग पिकलेल्या संत्र्यासारखा, वर हिरवट ज्योत नाचते. कुणी बोलत नाही. ओतारी फक्त बोटाने खुणा करतो. साचा कोरडा असणं हीच खरी काळजी, कारण पाण्याची वाफ झाली की ते सतराशेपट जागा मागतं. साच्याच्या कोपऱ्यात चमचाभर ओल राहिली तरी रस उलटा अंगावर उडतो. माझ्या समोर एकदा उडाला. कुणाला फार लागलं नाही, पण पत्र्याच्या छताला पडलेली भोकं त्या फाउंड्रीने बुजवली नाहीत. नवीन माणूस आला की ती वर बोट करून दाखवतात.

शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी १९२८ साली पुण्यात उभा केलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा माझगावच्या गोदीत ओतला गेला. त्या काळी एवढं मोठं ओतकाम इथे करणं हेच धाडस होतं. अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांचं घर आता शिल्पांचं संग्रहालय आहे. नोकरी सोडण्याआधी एक रविवार काढून तिथे जाऊन या. तिथली पुष्कळ कामं प्लास्टरमध्ये आणि सिमेंटमध्ये आहेत, कुठे धातूचा डौल नाही, आणि तरी कोळणीची मान वळलेली दिसते आणि म्हशीची कातडी सैल वाटते. गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ साली केलेली ‘मंदिरपथगामिनी’सुद्धा प्लास्टरचीच. पुढे मोठ्या कामांच्या मागे लागाल तेव्हा हे आठवलं तर बरं.

आता माझी धातूतली चूक. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका किनारपट्टीच्या गावात मी साडेआठ फुटांचा पुतळा केला. खांद्यावर उपरणं, त्याची एक घडी कोपरावर आलेली. ओतकाम सुंदर झालं, अनावरण झालं, पैसे आले, फोटो छापून आला. सात वर्षांनी तिथल्या शाळेच्या मास्तरांचं पत्र आलं, पुतळ्याच्या घोट्यातून तांबूस पाणी येतंय. जाऊन पाहिलं. उपरण्याच्या घडीत मागच्या बाजूने वेल्डिंगला केसाएवढी फट राहिली होती, तिथून पावसाचं पाणी आत जात होतं, आणि तळाला ते बाहेर पडायला मी भोकच ठेवलं नव्हतं. आत सांगाडा साध्या लोखंडाचा. खारी हवा, साठलेलं पाणी, लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना टेकलेले; हा जवळपास बॅटरीचा सेलच झाला, आणि त्यात लोखंड आपला जीव देतं. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला गॅल्व्हॅनिक करोजन समजवायची गरज नाही. मलाही शब्द माहीत होता. भोक पाडायचं राहिलं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याने पायाचा सांधा आतून उकलत आणला होता. पुतळा उतरवला, आतला सांगाडा ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा केला, जिथे तो ब्राँझला टेकतो तिथे मधे अस्तर दिलं, तळाला दोन भोकं पाडली. तो खर्च त्या कामातल्या माझ्या कमाईपेक्षा जास्त झाला. खर्चाचं सोडा. सात वर्षं रोज मुलं त्याच्या सावलीत डबा खात होती, हे मास्तरांनी सहज म्हणून सांगितलं, त्यानंतर मी बराच काळ इतर पुतळ्यांच्या गावांना मुकाट्याने चकरा मारत होतो. कुणाला न सांगता घोटे बघून यायचो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हापासून लोक मला त्याबद्दल विचारतात. ज्या कामाला माझा हात लागला नाही त्याचा निवाडा मी करत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या धंद्यात एक बरं झालं, लोक पुतळ्याच्या आत काय आहे ते विचारू लागले. पूर्वी फक्त उंची विचारायचे. ‘शेजारच्या तालुक्याचा बारा फुटी आहे, आपला पंधराचा करा.’ उंची वाढवणं म्हणजे फोटो मोठा करणं नव्हे. उंची दुप्पट केली की धातूचा पृष्ठभाग चौपट होतो, भरीव माती आठपट. वारा चौपट क्षेत्रावर आदळतो आणि त्याचा रेटा दुप्पट उंचीवर बसतो, म्हणजे पायाशी उलथवण्याचा जोर आठपट. आणि पुतळ्याचा घोटा तर माणसाच्याच प्रमाणात ठेवावा लागतो, जाड केला तर हत्तीरोग झाल्यासारखा दिसतो. हे गणित समितीसमोर फळ्यावर मांडणारा शिल्पकार आपल्याकडे दुर्मीळ आहे. तुम्ही इथे आमच्या सगळ्यांच्या पुढे असाल, म्हणून तुमची डिग्री वाया गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

समितीवरून आठवलं. सार्वजनिक पुतळ्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, आधी मातीचं मॉडेल दाखवून ती घ्यायची असते. ही पद्धत चांगलीच आहे. पण मान्यता येईपर्यंत माती ओली ठेवायची असते, आणि त्याआधी गावची समिती यायची असते. एकदा मी एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने नऊ फुटांची माती ओल्या गोणपाटात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून जगवली. दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं, रात्री उठून हात लावून बघायचं. बायको म्हणाली, आपल्या पोरीच्या तापातही तुम्ही इतक्यांदा उठला नव्हता. समिती आली ती पासपोर्ट आकाराचा, कडा कुरतडलेला फोटो घेऊन. एक जण म्हणाला नाक असं नव्हतं. दुसरा म्हणाला डोळ्यांत तेज पाहिजे. तिसरा गप्प बसून होता, तो निघताना हळूच म्हणाला, ‘आमचे आजोबा डावा खांदा जरा पाडून चालायचे.’ मी रात्री खांदा पाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आले आणि नाकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ओळख चेहऱ्यात असते तेवढीच उभं राहण्यात असते, हे मला शाळेत शिकवलं होतं. पटलं मात्र त्या दिवशी.

पैशांचं स्पष्ट सांगतो. पहिली पाच-सहा वर्षं केवळ शिल्पकलेवर घर चालेल असं धरू नका. मी संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या चित्रकलेचे वर्ग घ्यायचो, गणपतीत सजावटीची कामं घ्यायचो, फायबरचे वाघ आणि मोर केले, एका हॉटेलसाठी डॉल्फिनही केला, त्याचा फोटो दाखवणार नाही. काम मिळालं तर पैसे चार हप्त्यांत घ्या: करार होताना, माती मंजूर झाल्यावर, धातू घ्यायच्या आधी, आणि पुतळा बसल्यावर. धातू घ्यायच्या आधीचा हप्ता हातात पडल्याशिवाय फाउंड्रीला फोन करायचा नाही. तांब्याचा भाव रोज हलतो, आणि तुमचा करार सहा महिन्यांपूर्वीचा असतो. करारात धातूचा दर वेगळा लिहून घ्या. शेवटचा हप्ता येणारच नाही असं समजून हिशेब करा. आला तर दिवाळी. माझा एका कामाचा शेवटचा हप्ता नऊ वर्षांपूर्वी यायचा होता, तो अजून ‘प्रक्रियेत’ आहे.

धूळ. शरीराबद्दल तुम्ही ताकदीचं विचारलंत, खरं विचारायला हवं होतं फुप्फुसांचं. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात मोकळी सिलिका भरपूर. बेसाल्टमध्ये कमी, संगमरवरात नाममात्र. पण दगडकाम करणाऱ्याच्या हाताखालून सगळेच दगड जातात. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते, न दिसणारी खाली जाते आणि राहते. तिथे जखमेचा व्रण धरतो, तो परत भरून येत नाही. ही चूक धातूच्या जातीची आहे. आज काही कळत नाही, पंधरा वर्षांनी जिना चढताना कळतं. माझे वस्ताद गूळ खायचे, त्यांना वाटायचं गुळाने घसा साफ होतो. घसा होत असेल. साठी गाठायच्या आत ते खाटेवर उशा रचून बसूनच झोपत होते, आडवं झालं की दम लागायचा. म्हणून ग्राइंडरवर पाण्याची धार, तोंडावर फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क, रुमाल अजिबात नाही. आणि झाडू मारायचा नाही, पाण्याने धुवायचं. पितळ ओतत असतील तिथे जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. सकाळी उतरते म्हणून कामगार मनावर घेत नाहीत. तुम्ही घ्या, आणि वारा पाठीवर घेऊन उभ्या राहा. ग्राइंडर वर्षानुवर्षं धरून माझी उजवी तर्जनी थंडीत पांढरी पडते, चहाच्या कपाने ती गरम करावी लागते.

रोजचा दिवस कसा, या प्रश्नाला रम्य उत्तर नाही. सकाळी सात ते दहा आडवा उजेड असतो, तेवढ्यात चेहऱ्याचं काम. नंतर फोन, वेल्डरची वाट, वेल्डर आला की सिलिंडरची वाट. दुपारी माती भिजवणं, टाक्यांना धार लावणं, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण. वर्षातले जेमतेम साठ-सत्तर दिवस असे निघतात की त्या दिवशी मी फक्त शिल्पकार होतो. नोकरीत तुम्हाला याहून जास्त इंजिनिअरिंग करायला मिळत असेल.

नोकरी लगेच सोडू नका. वर्षभराच्या खर्चाची सोय करा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला प्रवेश परीक्षा देऊन रीतसर शिकता आलं तर उत्तम, हाताला जे कळत नाही ते तिथे डोळ्याला कळतं. ते जमत नसेल तर आधी सहा महिने दगडावर या आणि मग धातूकडे जा. आधी धातू शिकलेल्यांना मी पाहिलंय, ‘नंतर भरून घेऊ’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर बसतं, आणि भरून घेतलेलं आत काय करतं ते मी तुम्हाला वर सांगितलं.

ती हात तुटलेली देवी अजून माझ्या अंगणात नळाशेजारी आहे. चेहरा मी त्याच आठवड्यात टाकीने पुसला, तसा ठेवणं बरं वाटेना. आता तो नुसता दगड आहे, नवीन आलेली पोरं पहिला महिना त्याच्यावरच सरळ रेघ मारायला शिकतात. उजव्या बाजूला सध्या इचलकरंजीचा एक मुलगा असतो. डावी बाजू मोकळी आहे. येताना मास्क तुमचा आणा, टाक्या मी देईन.